उकिरड्याचे पांग फिटले
महाराष्ट्र निसर्ग उद्यान, माहीम-धारावी : वाटचालीचा आढावा

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. मुंबईत माहीमच्या खाडीच्या तोंडाशी, मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून एक उकिरडा होता. त्याचे पांग फिटायला सतरा वर्षे लागली. १९७७ मध्ये तिथे कचरा टाकणे थांबले आणि १९९४ मध्ये त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या वनाचे दार लोकांसाठी उघडले. मधल्या सतरा वर्षांत काय घडले आणि पुढच्या तीस वर्षांत ते कोणी सांभाळले, याची ही हकिगत आहे.

सोलापुरातल्या तलावप्रेमी आणि पक्षिप्रेमी मंडळींच्या या स्मरणिकेत जिल्ह्याबाहेरच्या एका तरी संस्थेचा इतिहास असावा, असे संपादक मंडळाने ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. मी मूळचा सोलापूरचा, सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास केलेला. नोकरीची बरीच वर्षे मुंबईत गेली आणि त्यांतल्या कितीतरी रविवारच्या सकाळी मी या उद्यानात घालवल्या, कधी शाळेच्या मुलांना वाट दाखवत, तर कधी कुंपणालगतचे प्लास्टिक वेचत. त्यामुळे हा इतिहास लिहिताना मी तटस्थ राहू शकत नाही आणि तसा आवही आणत नाही.

पूर्वपीठिका : खाडी, बांध आणि खाजण

मुंबई बेटांची होती तेव्हा माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी होडीनेच ओलांडावी लागे. पहिले सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ च्या सुमारास माहीमचा कॉजवे झाला. पलीकडे शीवचा बांध त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला होता. माणसांची मोठी सोय झाली, पण भरती-ओहोटीच्या पाण्याची वाट अरुंद झाली.

या खाडीला मिळणारी मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर सुरू होते. सुमारे अठरा किलोमीटरच्या प्रवासात ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्याच्या कारखान्यांमागून वळते आणि माहीमला समुद्राला भेटते. तिच्या मुखापाशी धारावी आहे. आज धारावी म्हटले की झोपडपट्टी डोळ्यांपुढे येते, पण मुळात तो कोळीवाडा होता. पुढे चामडे कमावणारे आले, सौराष्ट्रातले कुंभार आले, दुष्काळी भागांतून पोटासाठी माणसे येत राहिली. त्यांत आपल्याकडचीही होती. खाडीकाठच्या या जगण्याचे चित्र मधु मंगेश कर्णिक यांच्या ‘माहीमची खाडी’ या कादंबरीतून मराठी वाचकांच्या घरी पोहोचले.

काठावर होते ते खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन. तिच्यावर तिवरांची गर्दी. कोळ्यांना तिचे मोल ठाऊक होते. कोलंबीची आणि माशांची पिल्ले तिवरांच्या मुळांत वाढतात, निवट्या चिखलात उड्या मारतात, खेकडे बिळे करतात. पावसाळ्यात नदी फुगली की याच खाजणात तिचे पाणी पसरते आणि वस्ती वाचते. शहराच्या दप्तरी मात्र खाजण म्हणजे पडीक जमीन. पडीक जमिनीत कचरा टाकायचा, ती भरून आली की तिच्यावर बांधायचे, असा रिवाजच पडला. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. मालाडकडच्या एका जुन्या कचराभूमीवर पुढे काचेच्या मोठमोठ्या इमारती झाल्या. माहीम खाडीच्या काठची ही जागाही त्याच वाटेने निघाली होती.

१९७० ते १९८० : कचरा थांबला

या दशकाने मुंबईची दिशा ठरवली. शहर दक्षिणेत मावेना, म्हणून कार्यालये उत्तरेकडे नेण्याचा विचार सुरू झाला. १९७५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि मिठीच्या पलीकडच्या काठावर वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी होऊ लागली. आज देशातल्या सर्वांत महाग जमिनींत ज्या जागेची गणना होते, तिच्या बरोबर समोर, अलीकडच्या काठावर, सदतीस एकरांवर शहराचा कचरा साचला होता.

त्या सुमारास विश्व प्रकृती निधीच्या भारतातल्या मंडळींनी एक कल्पना मांडली. ही संस्था १९६९ मध्ये मुंबईतच स्थापन झाली होती आणि तिचे कार्यकर्ते शाळकरी मुलांना घेऊन रानावनांत शिबिरे भरवत. पण मुंबईतल्या किती मुलांना बोरिवलीचे किंवा कर्नाळ्याचे जंगल पाहायला मिळणार? शहराच्या मध्यावर, लोकलने आणि बसने कोणालाही पोहोचता येईल अशा ठिकाणी निसर्गशिक्षणाचे एक केंद्र हवे, असा त्यांचा आग्रह होता. जागा शोधता शोधता नजर या कचराभूमीवर गेली. १९७७ मध्ये तिथे कचरा टाकणे थांबले.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. शहराला कचरा टाकायला दुसरी जागा लागते, आणि जिथे अशी जागा मोकळी होते तिथे पन्नास दावेदार उभे राहतात. तेव्हा ही जमीन झाडांसाठी राखून ठेवायची असे ठरवणारे लोक सरकारातही होते आणि बाहेरही. फायलीवर सह्या करणारे अधिकारी, पाठपुरावा करणारे कार्यकर्ते आणि बैठकांना पदरचे भाडे खर्चून येणारे निसर्गप्रेमी या सर्वांचे ते श्रेय आहे. एवढ्या वेगवेगळ्या स्वभावांची माणसे एकत्र आली की मतभेद होतातच. ते त्या त्या वेळी मिटले, आणि त्यांचा तपशील इथे देण्याचे प्रयोजन नाही. जमीन वाचली हे महत्त्वाचे.

१९८० ते १९९० : पहिले रोप

१९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांनी या जागेवर पहिले रोप लावले.

सोलापूरकरांना हे नाव नव्याने सांगायला नको. माळढोक हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, म्हणून आग्रह धरणारे सालिम अलीच. नान्नजच्या माळावरच्या माळढोकांसाठी आपल्या जिल्ह्यात १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून इथल्या पक्षिमित्रांच्या बोलण्यात त्यांचे नाव घरच्या वडीलधाऱ्यासारखे येते. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली आयुष्यभर ज्या वाटेने चालले, ती पक्षिनिरीक्षणाची वाट या देशात ज्यांनी रुंद केली, त्यांत सालिम अली अग्रभागी होते. माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्र्याच्या पाली हिलवर ते राहत. ऐंशी कधीच ओलांडलेला हा माणूस कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर रोप लावायला आला, यात त्यांचा विश्वास दिसतो. २० जून १९८७ रोजी ते गेले. उद्यानाचे दार उघडलेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

या दशकातल्या कामाची कल्पना यावी म्हणून कचऱ्याच्या जमिनीविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे तलावाकाठी काम करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

कचरा टाकणे थांबले म्हणजे कचरा शांत झाला असे नसते. आतल्या थरांत तो कुजत राहतो. हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. तो मातीतल्या पोकळ्यांत शिरतो आणि मुळांना लागणारा प्राणवायू बाहेर ढकलतो. वरून हिरवे दिसणारे रोप मग एकाएकी माना टाकते. आत उष्णता असते. जागा असमान खचते, म्हणजे आज सपाट केलेल्या जमिनीत पुढच्या पावसाळ्यानंतर खळगा दिसतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी उताराने खाडीकडे जाते. त्यात समुद्राचा खारा वारा आणि भरतीचे खारे पाणी. खड्डा खणावा तर पहारीला काच लागते, चिंधी लागते, लोखंडाची पट्टी लागते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे माती आणि वेळ. बाहेरून माती आणून थर द्यायचे, काटक आणि उथळ मुळांची झाडे आधी लावायची, जगतील ती जगू द्यायची, मरतील तिथे पुन्हा लावायची. झाडे थोडी वाढली की त्यांचा पाला पडतो. तो झाडून जाळायचा नाही, तिथेच कुजू द्यायचा. पाल्यात वाळवी, गांडुळे, बुरशी येतात आणि वरून दिलेल्या मातीत हळूहळू जीव येतो. मग पाखरे येतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाऊन ती आपल्या विष्ठेतून बिया टाकतात, आणि न लावलेली झाडेही उगवायला लागतात. जंगलाला माणसाची गरज कमी झाली, याची ही पहिली खूण.

ही सगळी वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्यासारखी वाटली असतील. उद्घाटन नाही, कोनशिला नाही. माळी, मजूर, रोपवाटिकेतली माणसे, सुट्टीच्या दिवशी येणारे विद्यार्थी आणि पाणी घालणाऱ्या बाया यांनी ते दशक पेलले. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. माझ्या मते या संस्थेचे खरे संस्थापक तेच.

१९९० ते २००० : दार उघडले

१९९१ हे वर्ष मुंबईच्या किनाऱ्यासाठी महत्त्वाचे ठरले. फेब्रुवारीत केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेलगतच्या बांधकामांना प्रथमच देशभर लागू होणारी बंधने आली. त्याच वर्षी उद्यानाच्या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला. कचराभूमीला वनाचा दर्जा! कागदावरच्या या एका ओळीने पुढे कितीदा या जागेला तारले, हे पुढच्या दशकांत दिसले.

२२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. पूर्वी माहीम निसर्ग उद्यान म्हणून ओळखली जाणारी ही जागा आता महाराष्ट्र निसर्ग उद्यान या नावाने ओळखली जाऊ लागली. कारभार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या छत्राखालच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यान सोसायटीकडे आला. सरकारी पाठबळ आणि निसर्गप्रेमींचे मार्गदर्शन अशी ही दोन चाकी गाडी आहे. अशा गाड्या आपल्याकडे फार काळ चालत नाहीत, ही चालली. तिची घडी बसवण्यात दीर्घकाळ उपसंचालक राहिलेले अविनाश कुबल आणि त्यांचे सहकारी यांचा वाटा मोठा आहे.

मी पहिल्यांदा गेलो तो याच दशकाच्या अखेरीस. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर बसमधून उतरलो. एका बाजूला धारावी, रस्त्यावर ट्रकांचा धूर, पलीकडून खाडीचा वास. फाटकातून आत शिरून पन्नास पावले चाललो आणि आवाज मागे राहिला. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजे आणि घसरगुंड्या होत्या. इथे त्यातले काही नव्हते. करंज, भेंड, पांगारा, बहावा, ताम्हण, काटेसावर, उंबर, कडुलिंब, त्यांच्यावर चढलेल्या वेली आणि पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. एक माळीबुवा काठीने पाचोळा उकरून मुलांना दाखवत होते आणि सांगत होते, “याच्याखाली तुमच्या आजोबांनी टाकलेला कचरा आहे.” मुले हसली, मग गप्प झाली. मी त्या दिवसापासून तिथला झालो.

उद्यानाचे मुख्य काम शिक्षणाचे. शिक्षण केंद्रात माहितीपट, प्रदर्शने, व्याख्याने आणि मग वनात फेरी. मुंबई-ठाण्यातल्या शाळांच्या सहली इथे येऊ लागल्या. त्यांत बंगल्यांत राहणारी मुले असत तशी समोरच्या धारावीतल्या पालिकेच्या शाळांतली मुलेही असत. धारावीतली मुले आमच्यापेक्षा हुशार. कुठला कचरा कुठे जातो, कोणते प्लास्टिक किती किलोने विकले जाते, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना आम्ही फुलपाखरांची नावे सांगायची आणि त्यांनी आम्हांला कचऱ्याची विद्या शिकवायची, असा तो व्यवहार होता.

२००० ते २०१० : पाण्याचे दशक

उद्यानाला पाणी कुठून? खाडी शेजारी असली तरी तिचे पाणी खारे आणि सांडपाण्याने काळे झालेले. कचऱ्याच्या जमिनीत विहीर खणून उपयोग नाही. शहराच्या नळाचे पाणी झाडांना घालणे नैतिकदृष्ट्याही पटत नाही. उत्तर आकाशातून आले. पावसाचे पाणी अडवून साठवण्यासाठी उद्यानात तळे केले गेले. खालच्या कचऱ्यात पाणी झिरपू नये म्हणून तळाला अस्तर आणि छपरांवरचे पाणी त्यात वळवण्याची सोय. पावसाळ्यातले हे पाणी रोपवाटिकेला आणि झाडांना वर्षभर पुरवायचे, अशी योजना. मुंबईत पाऊसपाणी साठवण्याची चर्चा घरोघर सुरू होण्याआधी इथे ते प्रत्यक्ष पाहायला मिळे. गृहसंस्थांचे पदाधिकारी वह्या घेऊन येत.

सोलापूरच्या माणसाला हे तळे पाहून काय वाटले असेल? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळे करवून घेतले, असे आपली परंपरा सांगते. कमी पावसाच्या मुलखात पाणी धरून ठेवणे हाच धर्म, हे आपल्या गावाच्या ग्रामदैवताने आठशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. मुंबईत ढगफुटीचा पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात टँकर लागतात. तिथे एका जुन्या कचराभूमीवर आपल्याच सिद्धेश्वराची रीत पाहून मला आनंद झाला.

मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे दीड वर्षात पडणार नाही इतका पाऊस एका दिवसात. त्यात वरून भरती. मिठीला पसरायला खाजणे उरली नव्हती, तिवरे तोडली गेली होती, पात्रात भराव आणि वस्ती. नदी कुर्ला, कलिना, वांद्र्याच्या घरांत शिरली. शेकडो माणसे गेली. मुंबईत मिठी नावाची नदी आहे, हे पुष्कळ मुंबईकरांना त्या दिवशी कळले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणांचा शोध घेतला, नदीच्या विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले आणि पात्र रुंद-खोल करण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने ती याचिका केली होती. २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण पक्के झाले.

त्या पुरानंतर उद्यानात येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. पूर्वी लोक विचारत, “हे झाड कोणते?” आता विचारू लागले, “ही जमीन इथे अशीच मोकळी राहिली नसती तर?” सदतीस एकर उघडी, पाणी पिणारी जमीन नदीकाठी असणे म्हणजे काय, हे सांगायला आम्हांला तक्ते लागत नव्हते. पलीकडच्या काठावर काँक्रीटच काँक्रीट होते. बोट दाखवले की पुरे.

२०१० ते २०२० : खाडी पुन्हा पाहिली गेली

हे दशक स्वयंसेवकांचे. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात तिवरांच्या रक्षणासाठी कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह हे तरुण वकील एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह कचरा वेचायला उतरले. दर आठवड्याला माणसे वाढत गेली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या कामाचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर येऊन समुद्राकडे जाताना दिसली. पुढे हीच मंडळी मिठीच्या काठावर आली. खाडीत कचरा येतो कुठून, तर नदीतून, आणि नदीत येतो आपल्या मोरीतून. किनाऱ्यावर काम करणारा प्रत्येक जण अखेर या निष्कर्षापर्यंत येतो.

आमचाही अनुभव तोच. भरती ओसरली की खाडीकडच्या बाजूला तिवरांच्या श्वासमुळांत पिशव्या अडकलेल्या दिसत. तिवर चिखलातून वर काढलेल्या या बोटांएवढ्या मुळांनी श्वास घेते. त्यांच्यावर प्लास्टिक गुंडाळले गेले की झाड गुदमरते. ती पिशवी ओढून काढता येत नाही, मूळ तुटते. खाली बसून, हलक्या हाताने सोडवावी लागते. तासाभरात एका माणसाकडून फार तर चार-पाच हात जागा साफ होते. पुढच्या भरतीला पुन्हा नव्या पिशव्या. नव्या आलेल्या मुलांना याचा वीट येई. ते म्हणत, “सर, याचा उपयोग काय?” ज्या झाडाची मुळे मोकळी झाली त्याला उपयोग झाला, एवढेच उत्तर माझ्याकडे होते आणि आजही आहे.

उद्यानाच्या आत मात्र निसर्गाने हिशेब चुकता केला होता. शंभराहून अधिक जातींचे पक्षी आणि पंचाहत्तरहून अधिक जातींची फुलपाखरे इथे नोंदली गेली आहेत. २०१५ मध्ये नीलवंत हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालणारे हे काळे-निळे मोठे फुलपाखरू धारावीच्या शेजारी उडताना पाहिले की मन भरून येते.

या कामाचे मोल कळण्यासाठी जगाकडेही पाहावे. न्यूयॉर्कमधली फ्रेश किल्स ही प्रचंड कचराभूमी २००१ मध्ये बंद झाली आणि तिचे उद्यानात रूपांतर करण्याच्या कामाची चर्चा जगभर झाली. ती योग्यच होती. पण फ्रेश किल्स बंद झाली तेव्हा माहीमचे वन लोकांसाठी खुले होऊन सात वर्षे झाली होती. इकडे २०१६ च्या जानेवारीत देवनारची कचराभूमी पेटली आणि धुराने पूर्व उपनगरांचा श्वास कोंडला. एकाच शहरातल्या दोन कचराभूमी आणि त्यांची दोन नशिबे. फरक पडला तो १९७७ मधल्या निर्णयामुळे.

२०२० नंतर : कसोटी आणि आजचे काम

करोनाच्या साथीत उद्यानाचे दार बंद झाले. माणसे नसली तरी झाडांना पाणी हवे होते, तेव्हा माळी आणि रक्षक यांनी आपले काम सोडले नाही. धारावीने त्या काळात जे भोगले आणि ज्या शिस्तीने साथीला तोंड दिले, ते जगाने पाहिले. वनाच्या भिंतीपलीकडे लोक एका खोलीत आठ-आठ जण राहत होते, हे विसरून झाडांविषयी लिहिणे बरोबर नाही. धारावीच्या माणसाला चांगले घर मिळाले पाहिजे, याबद्दल उद्यानाशी जोडलेल्या कोणाच्याही मनात शंका नाही.

धारावीच्या पुनर्विकासाची योजना पुढे सरकली तेव्हा उद्यानाच्या जमिनीचे काय, अशी काळजी निसर्गप्रेमींना वाटली. त्यांनी निवेदने दिली आणि प्रश्न न्यायालयात नेला. उद्यानाची जमीन पुनर्विकासात घेतली जाणार नाही, असे शासनाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात सांगण्यात आले. १९९१ च्या त्या वनाच्या दर्जाची आठवण अशा वेळी होते. आधीच्या पिढीने कागद पक्का केला होता, म्हणून पुढच्या पिढीला उभे राहायला जागा मिळाली.

२०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि मुंबई परिसराच्या खाजणांचे मोल जगाच्या नकाशावर आले. माहीमच्या खाडीची प्रकृती मात्र अजून गंभीर आहे. मिठीतून सांडपाणी, पिंपे धुतलेले तेलकट पाणी आणि प्लास्टिक येतच आहे. उद्यान हे त्या खाडीच्या काठावरचे बेट आहे. खाडी शुद्ध करणे त्याच्या एकट्याच्या आवाक्यात नाही, पण ती शुद्ध व्हायला हवी असे वाटणारी माणसे तयार करणे आहे. शाळांच्या फेऱ्या, पक्षी आणि फुलपाखरे ओळखण्याची शिबिरे, देशी झाडांची रोपवाटिका, औषधी वनस्पतींचा विभाग, ओल्या कचऱ्यापासून खत करण्याची प्रात्यक्षिके असे काम तिथे होत आले आहे. रविवारी सकाळी वह्या आणि दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांत आता मी पहिल्यांदा पाहिलेल्या शाळकरी मुलांची मुलेही असतात.

आपल्या काठावर

आपल्याकडे समुद्र नाही, पण काठ आहेत. सिद्धेश्वर तलावाचा समावेश राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरी उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, आपल्या जुन्या पिढीचा कंबर तलाव, जलपर्णीने आणि सांडपाण्याने वेढला जातो. कारणे माहीमपेक्षा वेगळी नाहीत. सांडपाण्यातले आणि निर्माल्यातले पोषण पाण्यात उतरते, शेवाळ माजते, ते मेल्यावर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे तडफडतात. उपायही वेगळे नाहीत. काठावर देशी झाडे, पाण्यात शिरणारे नाले अडवणे, निर्माल्य काठावरच वेगळे करणे, आणि काठाच्या जमिनीची नोंद कागदावर पक्की करून घेणे. या शेवटच्या कामाकडे आपले दुर्लक्ष होते, म्हणून ते मुद्दाम लिहितो.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. मुंबईला जाल तेव्हा नातेवाइकांकडून एक सकाळ मोकळी करून घ्या. शीव स्थानकाबाहेर पडून वांद्र्याकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर कोणालाही निसर्ग उद्यान विचारा. मुलांना बरोबर न्या आणि पाचोळा उकरून पाहा. आणि परत आल्यावर आपल्या कोणत्याही एका तलावाच्या काठावर एक रोप लावा, पण पाच उन्हाळे त्याला पाणी घालायला तुम्ही स्वतः येणार असाल तरच.